हैबती नवरी आणायला जातो

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा नावाडी होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव वेगळा वापरायचं. तरी पलीकडच्या गावची मुलगी त्याला मिळाली, कारण मामाने तिच्या बापाचे पाय धरले.

"नवरी सुखरूप घरी आण," मामाने बजावलं. "मग जन्मभर येड्यावानी वाग."

वऱ्हाड होडीत बसलं. हैबतीने समोरच्या घाटावर नेम धरून वल्हं मारलं. पाण्याने होडी ओढत खाली मसणवट्याला नेऊन लावली.

"आरं, पाणी खाली न्हेतंयच," मामा म्हणाला. "होडीचं नाक वरच्या अंगाला धरावं, म्हंजी बराबर मुक्कामाला लागतंय."

हैबतीने मान हलवली. मान तो फार छान हलवायचा.

वऱ्हाड चालत गावात आलं. मुहूर्त जवळ आला आणि नवरदेव सापडेना. तो मंडपाच्या वरच्या अंगाला, चार घरं सोडून, एका कुंभाराच्या अंगणात उभा होता.

"हितं काय करतोयस?" मामाने विचारलं.

"वरच्या अंगाला धरलंय. आता वाहत मंडपात जाईन."

"जमिनीवर कोण वाहतंय, बैला? हितं सरळ फुडं चालायचं. थांबायचं न्हाई."

हैबती सरळ पुढे चालला. वाजंत्र्यांच्या मधून, भटजींच्या ताम्हनावरून, अंतरपाटातून. नवरी बाजूला सरली म्हणून वाचली. तो अंतरपाटासकट पलीकडच्या गोठ्यात गेला.

त्याला धरून आणून लग्न लावलं. सासऱ्याचं तोंड मात्र कडू झालं.

पुढे दारातल्या चिखलात रुखवताची गाडी रुतली. बैल पुढे ओढत होते. हैबती मागे ओढू लागला.

"ही काय तऱ्हा, जावईबापू?" सासऱ्याने विचारलं.

"फुडं बैल हायेत की. मागं कुणीच नव्हतं."

"दोन्हीकडं वढलं की गाडी जाग्यावरच ऱ्हाती. बाकीचे जिकडं वढत्यात, तिकडंच आपण जोर लावायचा."

हे एक वाक्य हैबतीला पक्कं कळलं. तिथेच घात झाला.

पाठवणीला नवरी आईच्या गळ्यात पडली. आई, मावश्या, आत्या रडत तिला घराकडे ओढू लागल्या. हैबतीची मामी एकटी तिचा हात धरून होडीकडे नेत होती. हैबतीने दोन्ही बाजू नीट पाहिल्या, बाह्या सारल्या आणि बायकांच्या बाजूने जोर लावला. नवरी एका दमात उंबऱ्याच्या आत गेली. मामी चिखलात बसली.

सासऱ्याने जावयाला बाहेर सारलं आणि आतून कडी घातली. आतलं रडणं लगेच थांबलं.

हैबती घाम पुसत मामाकडे वळला. "बघा मामा, आता कशी पटकन निघाली. चला बिगीबिगी, आई घरी नवरीची वाट बघत आसंल."