सोळा कोर आणि एक चमचा

“...पण मग मशीन रखडतंय कशानं, सर? प्रोसेसरात चार कोर होते, आता सोळा घातलेत. कामाला डोकी चौपट आणि काम तेवढंच! हे गणित बसतं कुठं?”

हर्षद खडके बूट काढता काढताच बोलत होता. एका दवाखान्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरचं काम त्याच्या गळ्यात होतं. उद्या तिथले साहेब लोक त्याला धारेवर धरणार होते.

मुळे सर खाटेवर पडून होते. उभी हयात कॉम्प्युटर शिकवण्यात घालवून ते या गोदाकाठच्या मठात येऊन राहिले होते. आता अर्धं अंग गेलं होतं. शब्द एकेक करून यायचा, तोही ओढून काढल्यासारखा. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सरांनीच निरोप धाडला होता, हर्षदला बोलवा, त्याला एक सांगायचं राहिलंय.

आणि हा पठ्ठ्या आला तो आपलंच तुणतुणं घेऊन!

सरांचे ओठ हलले. “तुला...”

“प्रोसेसर तापतो म्हणाल ना? नाही तापत, सर. पाहिलं मी.”

सरांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले.

“हर्षद... तुला...”

“मेमरीही भरपूर आहे हो!”

सरांनी मान भिंतीकडे वळवली.

तेवढ्यात अनसूयाबाई भाताची पेज घेऊन आल्या. मठात सरांचं सगळं त्याच बघत.

“द्या इकडे, मी भरवतो,” हर्षद म्हणाला.

जीव होता हो त्याचा सरांवर. कॉलेजात तो तापानं फणफणला होता, तेव्हा सरांनीच त्याला घरी नेऊन अशीच पेज भरवली होती. पण आज बाहेर गाडी उभी होती. एक चमचा, लगेच दुसरा, पाठोपाठ तिसरा...

सरांना ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला. अनसूयाबाईंनी धावत येऊन त्यांना उठवून धरलं, पाठ चोळली.

“अहो, जीव घेता का त्यांचा? वाटीभर आहे म्हणून काय झालं? एकेक घोट उतरू द्या की!”

हर्षदनं चमचा वाटीत ठेवला.

ठसका ओसरला. सरांनी चांगला हात उचलला. पेजेच्या वाटीकडे बोट केलं. मग चमच्याकडे. मग स्वतःच्या गळ्याकडे... आणि शेवटी हर्षदच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे.

हर्षदनं त्या बोटामागोमाग नजर फिरवली. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“अरे देवा... मेमरीतून कोरपर्यंत डेटा नेणारी बस! सोळा कोर आ वासून बसलेत आणि भरवायला चमचा तोच जुना. बसचा वेग मी वाढवलाच नाही. एक खातो, बाकीचे उपाशी!”

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते हर्षदनं पाहिलंच नाही. त्याचं मन केव्हाच दवाखान्यात पोचलं होतं.

“मदरबोर्डच बदलायला हवा. वाचवलंत, सर!” तो पाया पडला आणि बूट चढवू लागला.

“हर्षद...”

अनसूयाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “कालपासून घोकतायत ते, तुम्हाला काय सांगायचं ते. ऐकून तरी जा.”

बुटाची नाडी हातात तशीच राहिली. आल्यापासून सरांचं एकही वाक्य आपण पुरं होऊ दिलं नाही, हे आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं बूट काढले. खाटेशी बसला. सरांचा हात हातात घेतला.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. हर्षद उठला नाही.

“सांगा, सर. मी थांबतो. कितीही वेळ लागू दे.”

सरांचे ओठ हलले... थांबले. कपाळावर आठी चढली. नजर आढ्यावर फिरत राहिली, फिरत राहिली... डोळ्याच्या कडेला पाणी आलं.

“हर्षद... मी... तुला... कशाला बोलावलं होतं?”