जीपचा सैल सांधा

"मग गुहेत ध्यानाला बसायला कधी जाऊ, बाबा?"

जीपखालून बाहेर येत हैबतीने पुन्हा तेच विचारलं. हात ग्रीसने काळे झालेले, चेहरा मात्र उजळलेला.

शंभूगिरीबाबा मठाच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"एकटा बसलो की माझं मन जराही हलत नाही," हैबती म्हणाला. "हलवतात ती ही माणसं."

बाबा शेंगा सोलत राहिले…

हा त्यांचा शिष्य कामाला वाघ, हे कुणीही कबूल केलं असतं. पण कबूल करायला तेवढा वेळ तो कुणाला द्यायचाच नाही, आधी स्वतःच सांगून मोकळा व्हायचा.

पठारावरून खाली जाणारी गाडी एकच, मठाची ती म्हातारी जीप. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातून गावच्या सगुणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिचे दिवस भरले होते आणि पोटात पोर आडवं होतं. वाट सगळी दगडांची, त्यात घाट असा की एखाद्या वळणावर चाक ऐकेनासं झालं तर गाडी थेट दरीत.

जीपचं स्टिअरिंग बरेच दिवस सैल लागत होतं. हैबतीने ब्रेकला नवे लायनर घातले, स्टिअरिंगचा स्क्रू आवळला, चाकांकडचे सांधे हाताने ओढून पाहिले. सगळं घट्ट लागलं. सगुणाचा नवरा मदतीला आला होता, त्याला त्याने परत पाठवलं. मधेमधे लुडबूड नको म्हणाला.

"तू खाली होतास, तेव्हा वर कोण बसलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. मला कुणी लागत नाही."

बाबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. गुडघ्यांवर हात टेकत उठले, जीपमध्ये चढले आणि स्टिअरिंग धरून बसले. त्यांना गाडी चालवता येत नाही हे अख्ख्या पठाराला ठाऊक होतं.

"जा खाली. सांध्याला हात लावून राहा."

हैबतीला हसूच आलं. पण गुरूची आज्ञा, करतो काय बिचारा. पुन्हा आडवा झाला.

बाबांनी स्टिअरिंग जरासं डावीकडे हलवलं. मग जरासं उजवीकडे.

डावीकडे… उजवीकडे…

हैबतीच्या तळहाताखाली एक सांधा खट्कन हलला, पडायला आलेल्या दातासारखा. त्याने ओढून पाहिलेलाच होता तो. स्क्रू आवळून त्याने दुखणं नुसतं झाकलं होतं.

त्याच्या डोळ्यांसमोर घाटातलं वळण आलं आणि मागच्या सीटवर सगुणा.

"बाबा, सांधा गेलाय," तो खालूनच म्हणाला.

नवा सांधा पेटीत होता, लागणार नाही म्हणून तसाच ठेवलेला. हैबतीने तो बसवला आणि जास्तीचा आवळलेला स्क्रू बेताने सैल केला. मग स्वतः जाऊन सगुणाच्या नवऱ्याला बोलावून आणलं, वर बसवलं आणि खालून सांगत राहिला, हलव, अजून हलव. तो बिचारा हलवून हलवून दमला. सांधा जागचा ढळला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हैबती रिकामी जीप घेऊन परत आला. वळणावळणाला जीप निमूट वळली होती आणि ब्रेक दाबला तिथे थांबली होती. सगुणा सुखरूप होती. मुलगी झाली होती.

हैबती पायरीवर टेकला आणि मोकळेपणाने हसला. छातीवरचा धोंडा उतरला होता. बाबांनी त्याच्या ओंजळीत शेंगा घातल्या.

दोघं खात बसले…

"बाबा, ते गुहेचं…"

"खुशाल जा," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग हलवायला कुणाला नेतोयस, तेवढं सांग."