करटोलीचा मांडव

“मग बाबा, जिला फुलं येतात आणि फळ येत नाही, तिला वांझ नाही म्हणायचं, तर म्हणायचं तरी काय?”

सोमगिरी बाबा धुनीपाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. चिमट्याने एक निखारा जवळ ओढला आणि विचारलं,

“वेलाचं विचारतोस की बायकोचं?”

खरं तर भिवसेन दोन्हीचं विचारायला आला होता. बोलताना मात्र वेल पुढे केला होता.

डोंगराच्या कुशीतल्या या मठाची बाग भिवसेन सांभाळायचा. त्याच्या हाताला गुण होता. मठाच्या पडीक तुकड्यात त्याने मिरची पिकवली, पावटा पिकवला. यंदा तर त्याने करटोलीचा मांडव घातला होता. करटोली रानात आपसूक येते, ती मुद्दाम कुणी लावत नाही. म्हणून पंचक्रोशीत त्याची चर्चा होती आणि त्यालाही ती गोड लागत होती.

श्रावण लागला तसा मांडव पिवळ्या फुलांनी भरून गेला. पण फळ एकही धरेना.

घरीही तेच होतं. हौसाला घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. अंगारे झाले, उपास झाले, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे तीन खेपा झाल्या. बाईंनी हौसाला तपासलं आणि तिच्यात काही खोट नाही म्हणून सांगितलं. वर नवऱ्यालाही घेऊन ये म्हणाल्या. तो निरोप हौसाने घरी आणला, आणि भिवसेनने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्या आईने तर दुसरी मुलगीही बघून ठेवली.

आज भिवसेनच्या पिशवीत एक नारळ होता.

मठाची एक रीत होती. शिष्याच्या घरी लग्न ठरायचं झालं की नारळ आधी धुनीपुढे ठेवायचा. बाबांनी फोडला तर होकार. तसाच हातात परत दिला तर नकार.

भिवसेनने नारळ काढून धुनीपुढे ठेवला.

“कुणाचं लग्न?” बाबांनी विचारलं.

“माझं.”

“हौसाचं काय?”

“तीही राहील की. नाहीतर माहेरी जाईल. तिची मर्जी.”

“तिची मर्जी तू ठरवलीस वाटतं... आणि हे कायद्याला चालत नाही, हे ठाऊक आहे ना?”

“गावात चालतं, बाबा.”

बाबांनी नारळ उचलला. हातात फिरवून पाहिला. फोडला नाही आणि परतही दिला नाही. उठून मागच्या कोनाड्यात ठेवून दिला.

असं भिवसेनने कधी पाहिलं नव्हतं. तो थोडा चिडलाच.

“बाबा, मी काही अडाणी नाही. शास्त्रही ऐकलंय, पोथीही वाचलीय. बी पुरुषाचं, शेत बाईचं. चांगलं बी पेरून उगवत नसेल, तर शेतकरी काय करतो? शेत बदलतो.”

“बी चांगलं आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? मी धडधाकट आहे. पोतं पाठीवर घेऊन घाट चढतो. मिशीला पीळ आहे.”

“मिशीत बी नसतं, भिवा.”

भिवसेनला हसू आलं आणि रागही आला. बाबांवर रागावायची सोय नव्हती, म्हणून तो हसला.

संन्यास घेण्याआधी बाबा जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर होते. ते आता कुणाची नाडी पाहत नसत. पण आज त्यांनी धुनीतली राख पसरली आणि चिमट्याच्या टोकाने त्यात एक आकृती काढली. उलट्या पेरूसारखी. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन हात बाहेर आलेले, आणि प्रत्येक हाताच्या टोकाशी बदामाएवढी एकेक गाठ.

“हे काय आहे?”

भिवसेनने पाहिलं. “ठाऊक नाही.”

“इतकी वर्षं संसार केलास. ज्या घरात तू नऊ महिने राहिलास, ते घर हे. ओळखता येत नाही?”

भिवसेनने नजर खाली घातली. असल्या गोष्टी मठात, धुनीपुढे... त्याला अवघडल्यासारखं झालं.

“लाजू नकोस. जे देहात आहे ते देवानेच ठेवलंय. हे मधलं गर्भाशय, मुठीएवढं. हे बदाम म्हणजे बीजकोश. यात हौसाचं बी असतं.”

“बाईचं बी?”

“बाईचं बी. आणि पुरुषाचं रोज नवं तयार होतं, तसं तिचं नाही. ती जन्माला येतानाच सगळी शिदोरी घेऊन येते. तुझी आई तुझ्या आजीच्या पोटात होती ना, तेव्हाच तिच्या इवल्या बीजकोशात तुझं अर्धं बी होतं.”

भिवसेनने राखेतल्या एका बदामावर बोट ठेवलं.

“म्हणजे मी आजीच्या पोटात...”

“अर्धा.”

“आणि उरलेला अर्धा?”

“त्याचा तेव्हा पत्ताच नव्हता.”

धुनीत एक लाकूड तडकलं. बाबांनी चिमटा पुन्हा राखेवर टेकवला.

“महिन्याला साधारण एक बी पिकतं. ते या नळीत उतरतं आणि जेमतेम दिवसभर वाट बघतं. तिकडे गर्भाशय अंथरूण घालून बसतं. मऊ, रक्ताचं. पाहुणा आला तर तो त्यावर निजतो, वाढतो. नाही आला तर ते अंथरूण काढून टाकतं आणि पुढच्या महिन्यात नवं घालतं. त्यालाच तुम्ही विटाळ म्हणता.”

भिवसेनला हौसा आठवली. महिन्याचे ते दिवस आले की ती कोपऱ्यात तोंड फिरवून बसायची. आपल्याला वाटायचं, हिला शिवायचं नाही म्हणून बसते. ती रडत असेल, हे कधी मनात आलं नाही.

“आणि पुरुषाचं?” त्याने हळूच विचारलं.

“पुरुषाच्या बीजपिशव्या देवाने पोटाबाहेर टांगल्या. का?”

“का?”

“त्या बीजाला अंगाची ऊबही जास्त होते. जरा थंडावा लागतो. दोन-अडीच महिने लागतात एक बी घडायला. मग ते मागच्या बारीक नळ्यांच्या गुंत्यात मुरतं, लांब नळीने वर चढतं, दुसऱ्या ग्रंथींच्या पाण्यात मिसळतं. तू बघतोस ते पाणी. बी तुला दिसत नाही. पाणी भरपूर असेल आणि त्यात बी नसेल, असंही होतं.”

“असं... होतं?”

“होतं. अंगात जोर असतो, मिशीला पीळ असतो, नवरा-बायकोत सगळं नीट असतं. तरी होतं. लाखोंनी बिया निघतात, नळीपर्यंत मूठभर पोचतात, आत शिरते एकच. मुळात निघाल्याच कमी, किंवा निघाल्या त्या पांगळ्या, तर पोचायचं कुणी? ते सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.”

“मला तपासायचं म्हणता?” भिवसेनचा आवाज चढला. “गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का, बाबा?”

“हौसाने आजवर कुठे दाखवलं तोंड?”

भिवसेन पुन्हा वेलावर आला.

“ते राहू द्या. मांडवाचं तरी सांगा. उद्या उपटून टाकतो सगळे वेल.”

“चल,” बाबा म्हणाले आणि उठले.

दिवस कलला होता. करटोलीची फुलं संध्याकाळीच उमलतात. सगळा मांडव पिवळा झाला होता आणि बारीक गोड वास सुटला होता.

“हे कंद कुठले?” बाबांनी विचारलं.

आता भिवसेनला उत्साह आला. “मीच निवडले. गेल्या पावसाळ्यात रान फिरलो. ज्या वेलांना भरघोस फळ होतं, त्यांच्याच मुळाशी खूण केली. उन्हाळ्यात खणून आणले. एकेक कंद पारखून लावलाय, बाबा.”

“आणि ज्यांना फळ नव्हतं ते?”

“खूण नसलेले त्यातलेही काही कंद चुकून खणले गेले होते. नुसती फुलं येणारे. वांझ. ते उकिरड्यावर फेकले.”

बाबांनी मांडवाचं एक फूल वाकवलं. पाकळ्यांच्या खाली, देठाशी, बोराच्या बीएवढं काटेरी करटोलं आधीच तयार होतं. इवलंसं, हिरवं.

“बघ.”

भिवसेनने दुसरं फूल पाहिलं. तिसरं पाहिलं. प्रत्येकाखाली ते इवलं करटोलं होतंच. काही पिवळी पडून गळायच्या बेतात होती.

“सगळ्यांची तयारी आहे,” तो पुटपुटला. “मग अडलंय कुठे?”

बाबा गोठ्याच्या मागे चालू लागले. भिवसेन त्यांच्यामागे गेला. उकिरड्यावर, राखेतून आणि शेणातून, एक वेल आपणच उगवून कुंपणावर चढला होता. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, आधार दिला नव्हता. तोही फुलला होता.

भिवसेनने फूल वाकवलं. पाकळ्यांखाली काहीच नव्हतं. साधा देठ. फुलाच्या पोटात मात्र पिवळा पराग दाटला होता. बोट लावलं तर बोटाला आला.

त्याने ते बोट डोळ्यांजवळ नेलं.

“हा... नर आहे.”

त्याने उकिरड्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे.

“मी नर टाकून दिला आणि माद्यांना वांझ म्हणालो...”

बाबांनी ते फूल खुडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. मग मठाकडे वळले.

त्या संध्याकाळी भिवसेन अंधार पडेपर्यंत मांडवाखाली होता. एकेक नर फूल घ्यायचं, मादी फुलाला हलकेच टेकवायचं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हा फुलांच्या कानात काही सांगतोय.

घरी गेल्यावर तो जेवला नाही. हौसाने विचारलं, “अहो, बरं नाही का?”

“बरंय,” तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “आठवड्याच्या बाजारादिवशी तालुक्याला जाऊ. तू पण चल.”

“कशाला?”

“डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं ना.”

हौसाच्या हातातली पळी भांड्यावर वाजली. त्याच्या ताटातली झाकून ठेवलेली भाकरी तिने पुन्हा तव्यावर टाकली, गरम करायला.

पुढे गौरी-गणपती झाले. मग एके दिवशी दुपारी दोघं मठात आली. हौसाच्या काखेत टोपली होती. टोपलीत करटोली, हिरवीगार, काटेरी.

बाबांनी एक उचलून पाहिलं. “मांडवाची?”

“मांडवाची,” भिवसेन म्हणाला. मग तो धुनीपुढे खाली बसला. “बाबा, तपासणी झाली.”

“हं.”

“खोट माझ्यात निघाली. पिशवीपाशी शिरा फुगल्यात म्हणे. तिथे उष्णता साठते. बी थोडं आणि अशक्त आहे. लहानशी शस्त्रक्रिया करू म्हणाले. मग थांबून बघायचं. होईल, नाहीतर नाही होणार...”

“हौसाला कधी सांगितलंस?”

“परतताना, एसटीत. दवाखान्यात ही बाहेर बसली होती.”

“मग?”

भिवसेनने बायकोकडे पाहिलं. “ही म्हणाली, खिडकी लावा, वारा लागतोय.”

हौसाने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते भिवसेनला कळलं नाही.

“आणि आईला?”

“आईलाही सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टर चुकला असेल.”

बाबा मोठ्याने हसले. मग उठले, कोनाड्यातून नारळ काढला आणि हौसाच्या हातात दिला.

“पोरी, हा नारळ तुझ्या नवऱ्याने दुसऱ्या लग्नासाठी ठेवला होता. तेव्हा मी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. आता द्यायचा तो तू दे. खोट त्याच्यात आहे. तुला दुसरं लग्न करायचं असेल, तर वाट मोकळी आहे.”

हे भिवसेनच्या ध्यानीमनी नव्हतं. ज्या वाटेवर त्याने हौसाला एकटीला उभं केलं होतं, तिथे आज तो उभा होता. नारळ तिच्या हातात होता आणि त्याच्या हातात काही नव्हतं.

हौसाने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं.

मग ती पायरीपाशी गेली आणि दगडावर एका घावात नारळ फोडला.

भिवसेनने डोळे मिटले. फुटला म्हणजे दुसऱ्या लग्नाला होकार. रीत त्याला पाठ होती.

“अहो, पाणी सांडतंय,” हौसा म्हणाली. “ओंजळ धरा की.”

त्याने डोळे उघडले. ती त्याच्यासमोर उभी होती. त्याने ओंजळ धरली. अर्धं पाणी तिने त्याच्या ओंजळीत ओतलं, उरलेलं स्वतः प्याली.

“करटोलीला खोबरं पाहिजे होतं. घरातलं संपलं होतं,” ती सहज म्हणाली.

भिवसेन ओंजळ तशीच धरून म्हणाला, “बाबा, पण नारळ तर फुटला. मठाच्या रीतीने हा होकारच झाला. मग... मी याचा अर्थ काय घ्यायचा?”

बाबांनी हौसाच्या हातून नारळाच्या दोन्ही वाट्या घेतल्या आणि त्याच्यासमोर राखेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

“तिने पाणी अर्धं अर्धं वाटलं. आता यातली वांझ वाटी कोणती, भिवा?”