कोंडाईच्या ज्वारीची आणि घटमाईची कहाणी

ऐक गं घटमाई, तुझीच कहाणी तुझ्यापुढं सांगते. बायांनो, कुजबूज पुरे, हात जोडा. आटपाट गाव होतं, काळीभोर जमीन होती. तिथं येसाजी कुणबी राही, त्याची बायको कोंडाई. लग्नात आईनं कोंडाईच्या ओटीत घरची ज्वारी घातली. म्हणाली, "दरसाल पेर, नवरात्रात हेच बी घटाला घाल. हाच तुझा वसा." पुढं आई गेली.

पेरणीचे दिवस आले. येसाजी पारावर बसून घरी आला. "धनी, ज्वारी पेरायची ना?" "खुळी का काय? ज्वारीच्या चौपट मिरचीत सुटतंय!" "मग एक तुकडा तरी सोडा." "पुढच्या साली बघू." मग तिनं बी राखेत घोळलं, मडक्यात भरलं, फळीवर ठेवलं. म्हणाली, घरात आहे तोवर कशाचं भ्या? ते बी सरू नये म्हणून घटाला वाण्याची ज्वारी घातली. तिथंच चुकली गं बाई! मिरची सगळ्या गावानं लावली, कुणी विचारीना.

दुसरं साल आलं. "धनी, ज्वारी?" "मिरचीपरीस कांदा बरा." सगळ्या गावानं कांदा लावला, जागीच सडला. तिसरं साल आलं. "धनी, ज्वारी?" "कांद्यापरीस आलं बरं." सगळ्या गावानं आलं लावलं, उकिरड्यावर गेलं.

चौथ्या साली येसाजी म्हणाला, "कोंडे, माझं गणित चुकलं गं. यंदा तुझ्या आईची ज्वारी पेरू." कोंडाईला हर्ष मावेना. घट बसले, तिनं मडक्यातलं बी घटाला घातलं. मग गहू उगवला, हरभरा उगवला, ज्वारी काही उगवेना. शेवटच्या माळेला तिनं माती उकरली. दाणे तसेच पडलेले. बोटानं दाबले, त्यांचं पीठ झालं. मडक्यात उरलेल्या बियाचीही तीच गत.

मग तेच बी मागायला माहेरी धावली. भावजय म्हणाली, "वन्सं, आम्हीपण आलंच लावतो आता." मावशीकडं गेली, नाही. गुरवाकडं गेली, नाही.

मग घरी आली, घटापुढं डोकं आपटलं. "माये, एक मूठ दे!" घटमाई प्रगट झाली. तिच्याही डोळ्यांत पाणी. म्हणाली, "लेकी, कुठून देऊ? तुम्ही पेरता तेवढंच माझ्यापाशी असतं." कोंडाईनं गेलेल्या आईच्या नावानं हंबरडा फोडला, "आई गं, तुझं एवढंच होतं माझ्याजवळ!" घटमाईनं तिला पोटाशी धरलं. द्यायला दुसरं काही नव्हतं.

बायांनो, कोंडाईचं दुःख तुम्हा-आम्हांला न लागो. घरचं बी मडक्यात न मरो, दरसाल मातीत पडो. लांबलचक कहाणी थोडक्या बोलांत सांगितली. सुफळ म्हणायला जीभ रेटत नाही, संपूर्ण तेवढं म्हणते.