पुजलेली गिटार

समुद्राकाठच्या एका गावात शाल्मली नावाची मुलगी परदेशात बेस गिटार शिकून परतली. खर्जात बोलणाऱ्या त्या चार जाड तारा गावातल्या प्रत्येक मुलाच्या हाती द्यायच्या, असा तिचा पण होता. तिला वाटलं होतं, गावच्या वाद्यवृंदातली बेस गिटार एव्हाना गंजून गेली असेल. पाहते तर तीस वर्षांची ती गिटार काल घेतल्यासारखी! ती वाजवणारे गुणाजीकाका वाजवून झालं की रोज एकेक तार कोरड्या फडक्याने पुसत, मग गिटार पेटीत बंद करत.

"काका, तुम्ही वाजवता कमी आणि पुसता जास्त," शाल्मली हसून म्हणाली.

"बाय, आपण वाजवायचं थांबलो की खारा वारा वाजवायला लागतो."

सरपंचांनी तिला शब्द दिला होता. दसऱ्याचा कार्यक्रम रंगला, तर शिकवणीसाठी शाळेची खोली मिळणार होती.

खंडेनवमीला वाद्यांची पूजा झाली. काकांनी हळदकुंकू वाहिलं ते गिटारच्या पेटीला. शाल्मली चार वर्षं या दिवसाला मुकली होती. तिने आपली नवी गिटार उघडी मांडली, तारांवर कुंकू वाहिलं, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, वर झेंडूचा ओला हार घातला.

"तारांना नको गो. आणि पाणी बटणांत शिरेल," काका म्हणाले.

"मनापासून करतेय, काका. असू द्या."

पुजलेल्या वाद्याला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. ओला हार तसाच राहिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी शाल्मलीने हार काढला आणि थेट मंचावरच तार छेडली. खर्ज उमटलाच नाही, नुसती खरखर. तिने ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला.

"काय गो, वडे तळतेस काय?" पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली. सारं मैदान हसलं. सरपंच उठून उभे राहिले.

"आवाज वाढवलास की खरखरही वाढते," शेजारी आपली गिटार घेऊन उभे असलेले काका पुटपुटले. त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तिच्या गिटारची वायर काढून आपल्या गिटारला जोडली आणि ती गिटार तिच्या गळ्यात अडकवली. "हं, वाजव आता."

पहिल्याच सुराला खर्ज पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखा उठला. म्हातारी मांडीवर ठेका धरू लागली. सरपंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांनी खोलीची किल्ली शाल्मलीच्या हातावर ठेवली. ती तशीच गुणाजीकाकांच्या अंगणात गेली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"पहिला महिना तुम्ही शिकवायचं."

"मला फडकं मारण्यापलीकडे काय येतं गो?"

"तेवढंच मला येत नाही, काका. मी पहिल्या रांगेत बसणार. फडकं घरून आणते."

तात्पर्य: वर्षातून एकदा वाहिलेल्या फुलांनी वस्तू टिकत नाही, रोज न चुकता राखलेली निगा हीच तिची खरी पूजा.