चिमाक्काचे हात

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आडोलीला गाडीवाटही नव्हती, तेव्हा इथं चिमाक्का नावाची सुईण राहायची. साती वाड्यांतलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात यायचं आणि मग आईच्या कुशीत. तिचा हात पोटावरून फिरला की आडवं मूलही सरळ व्हायचं, असं म्हणतात.

पण चिमाक्काला बोलावणी दोन दारांनी यायची. बाळंतपण असलं की पुढच्या दारानं. तिथं तिला बसायला पाट मिळायचा, खणानारळानं ओटी भरली जायची. राहिलेलं पोट ठेवायचं नसलं की परसदारानं. तिथं कधी नवरा मेलेली पोर असायची, कधी घरातल्याच कुणी नासवलेली, तर कधी सात बाळंतपणांनी पिळून निघालेली बाई, जिला आठवं झेपणारं नव्हतं. चिमाक्का एकच विचारायची, "तुझ्या मनात काय हाय, बाई?" बाईनं मनातलं सांगितलं की तिला मोकळी करायची, आणि ती सावरेपर्यंत तिचा हात धरून बसायची. या कामाची तिला कधी लाज वाटली नाही. तिच्या हाताखाली एकही बाई दगावली नाही, असं म्हणतात.

तिला जड गेलं ते दुसरंच. बाळंतपणाचं कौतुक गावभर व्हायचं. परसदाराचं कुणाला सांगणार? एकेकीचं रडणं तिनं स्वतःच्या पोटात ठेवलं. त्याच बाया पाणवठ्यावर दिसल्या की भीतीनं तोंड फिरवायच्या. अशी वर्षं गेली. आधी चिमाक्काची झोप गेली, मग अन्नाची चव गेली. एकदा नुकतंच जन्मलेलं पोर तिनं हातात घेतलं आणि तिला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, माया नाही. त्या दिवशी ती घाबरली. दुसऱ्या सकाळी उठून बघते तो दोन्ही हात मनगटापासून दगडाचे झालेले, असं म्हणतात.

ती ओढ्याकाठच्या खडकावर जाऊन बसली. घरी परत जायचंही तिला सुचेना.

नेमकी त्याच दिवशी पाटलाची सून अडली. खुद्द पाटील धावत ओढ्यावर आला.

"अक्का, चल लवकर!"

"हात उचलत न्हाईत, पाटील."

"सोंगं करू नकोस. बोलावलं की सुईणीनं यायचं असतं!"

चिमाक्का उठू लागली, पण उठवेना. तेवढ्यात धुणं धुणाऱ्या बायांतून सगुणा उठली. ऐन तारुण्यात विधवा झालेली, एकटी राहणारी बाई. भर उजेडात, पाटलाच्या समोर ती म्हणाली, "अक्का, धा वर्सांमागं तू माझ्या परसदारानं आली व्हतीस. म्हणून मी जगले. पर तुझं कसं चाललंय, ते आमी कुणी इचारलंच न्हाई गं." आणि तिनं अक्काचा दगडी हात आपल्या ओंजळीत घेतला.

मग दुसरी उठली. "माझ्याबी दारानं आली व्हती." मग तिसरी. सगळ्यांत शेवटी, नवऱ्यामागोमाग काठी टेकत आलेली पाटलीणबाई पुढं झाली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "माझ्याबी." पाटलानं मान खाली घातली.

जी हात धरायची तिला थोडं वजन चढायचं आणि अक्काचं तेवढं उतरायचं, असं म्हणतात. शेवटी तिची बोटं हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चिमाक्का रडली, तीही मोठ्यानं. ऐन उन्हाळ्यात ओढा दुथडी भरला तो तेव्हाच.

मग तिनं तोंड धुतलं. "चला. पर हितनं फुडं मी एकटी यायची न्हाई. फुडच्या दारानं बोलवा न्हाईतर परसदारानं, माझ्यासंगं दोघी येतील. काम झाल्यावर त्या माझं ऐकून घेतील. आन् मला थकवा आला तर मी बसेन. कुणी उठवायचं न्हाई."

दुपार टळायच्या आत पाटलाच्या घरी मुलगी झाली.

चिमाक्काला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. आता आडोलीत दवाखाना आहे, नर्सबाई आहेत. पण चाल मोडलेली नाही. नर्सबाईंच्या दारावर कडुलिंबाची फांदी दिसली की गावाला कळतं, आज बाईंचा चिमाक्काचा दिवस. त्या दिवशी काम शेजारच्या गावची नर्स बघते. आडोलीच्या दोन बायका भाकरी-कालवण घेऊन बाईंकडं जातात, दार लावून घेतात आणि बाई बोलतील ते ऐकतात. आत काय बोलणं झालं, हे बाहेर कुणी विचारत नाही. फांदी बाई स्वतःच उतरवतात. त्याआधी तिला हात लावायची सरपंचाचीही छाती नाही.