पैलवानाची ओटी

कृष्णाकाठच्या वडसंगी गावी भिवाजी महाराजांचे बारा वर्षे वास्तव्य होते. घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचा मठ. मठ म्हणजे काय, एक कौलारू ओसरी आणि पुढे सारवलेले अंगण! त्या काळी एस.टी. नदीच्या पलीकडेच थांबायची, माणसे होडीतून दर्शनाला यायची. महाराजांनी कोणाला मंत्र दिला नाही, गंडा बांधला नाही. पौष पौर्णिमेला मात्र मूलबाळ नसलेल्या बायकांची ते स्वहस्ते ओटी भरत.

रंगराव पैलवानाची बायको सुभद्रा दरवर्षी त्या रांगेत उभी असे. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. मठातले तांदूळ निवडावेत ते तिनेच, इतकी तिची सेवा. पण गावात बारसे असले की बायका तिला पाळण्याजवळ येऊ देत नसत. वैदूचे काढे पिऊन तिच्या तोंडाला फोड आले, पिंपळाला फेऱ्या घालून टाचा फुटल्या, सोमवारामागून सोमवार उपाशी गेले. सासू हौसाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "नऊ वरसं खातीया, पर कूस काय उघडंना."

रंगराव हे सगळे ऐकायचा. खाली मान घालून जेवायचा, आचवायचा आणि तालमीत पोरांना डाव शिकवायला निघून जायचा. बायको पानावर बसायच्या आत घराबाहेर पडायची त्याला घाई असे. तिच्या हडकलेल्या हाताकडे त्याला बघवत नसे.

त्या वर्षी हौसाबाईने रंगरावासाठी भावाची मुलगी बघून ठेवली. सुभद्रेला न्यायला तिच्या भावाला निरोप गेला, ट्रंकही भरून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ येणार होता. पौर्णिमेला म्हातारी नव्या सोयरिकीची सुपारी घेऊन मठात आली, ती महाराजांचा हात लागावा म्हणून. मागे रंगराव, आणि सगळ्यांत मागे सुभद्रा.

रांग सरत सुभद्रेपाशी आली. तिने पदर पसरला. हौसाबाई मध्येच पुढे झाली.

"हिची कशाला भरताय, बुवा? ही उद्या चालली म्हायेराला. नारळ फुकट जाईल."

महाराज हसले. "फुकट कशाला जाऊ देऊ?" आणि नारळ हातात तसाच धरून ते म्हणाले, "रंगराव, इकडे ये. उपरणं पसर."

रंगरावाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण महाराजांचा हात पुढेच होता. त्याने खांद्यावरचे उपरणे काढून दोन्ही हातांवर धरले. महाराजांनी त्यात नारळ ठेवला, तांदूळ घातले, हळकुंड ठेवले.

अंगणात हशा उसळला. "अगं बया, पैलवानाची ओटी!" "आता डोहाळजेवण कधी, रंगूदादा?" बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. हौसाबाई मात्र भडकली.

"वय झालं व्हय बुवा तुमचं? वटी बाईची भरत्यात, ह्येबी इसरला? असल्या बुवाच्या नादानंच ही घर बुडवाय निघालीया!"

महाराजांनी तिच्याकडे लक्षच दिले नाही. ते रंगरावाला हळूच म्हणाले, "गुडघा कसा आहे रे?"

एवढे ऐकले आणि रंगरावाने उपरणे छातीशी आवळले. विसाव्या वर्षी त्याने कुस्ती सोडली होती. गुडघा निकामी झाला, असे सगळ्या गावाला सांगितले होते. आईलाही तेच, बायकोलाही तेच. गुडघ्याला कधी काही झालेच नव्हते, हे त्याच्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नव्हते.

"महाराज..." तो पुढे सरकला. "महाराज, मी तुमाला समदं सांगतो..."

"मला नको. मला ठाऊक आहे. जिला ठाऊक नाही तिला सांग."

नारळाचे ओझे हातावर घेऊन रंगराव वळला. इतक्या वर्षांत त्याने बायकोकडे सरळ असे पाहिलेच नव्हते.

"सुभद्रा, गुडघा खोटा हाय. मला लंगोटाच्या जागी सूज हाय, शिरांचं गाठोडं झाल्यागत. मागं वारलेल्या वस्तादांनी बघितलं आन् म्हनले, ह्येनं पोरं हुईत न्हाईत असं लोक बोलत्यात, दाखवून ये. मला लाज वाटली. मी कुस्तीच सोडली. दोष माझा असंल, ह्ये मला लगीन व्हायच्या आधीपास्नं ठावं हुतं."

हसणाऱ्या बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. "खुळ्यागत काय बोलतोस!" हौसाबाई ओरडली, पण तिचाच आवाज चिरकला.

सुभद्रेने एवढेच विचारले, "मी काढं पीत हुते, तवाबी ठावं हुतं?"

रंगरावाने मान हलवली. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

हौसाबाईची सुपारी तशीच कनवटीला राहिली. महाराजांनी दोघांच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "आता जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. दोघंही जा. डॉक्टर सांगतील ते मीच सांगतोय असं समजा."

डॉक्टरांनी दोघांनाही तपासले. सुभद्रेची पाळी विचारली, पोट तपासले, गर्भाच्या नळ्या मोकळ्या आहेत का तेही पाहिले. रंगरावाच्या हाती लहानशी बाटली देऊन वीर्य आणायला सांगितले, तेव्हा शंभर मल्लांना अस्मान दाखवणाऱ्या त्या गड्याने भिंतीकडे तोंड फिरवले. ते यंत्राखाली बघून डॉक्टर म्हणाले, "बाईंमध्ये काहीच दोष नाही. तुमच्या अंडाशेजारच्या शिरा फुगल्यात. रक्त साचून तिथं ऊब वाढते, म्हणून बीज कमी पडतंय. अहो, मूल होत नसलं की कधी बाईत कारण असतं, कधी पुरुषात, कधी दोघांत, आणि कधी काहीच सापडत नाही. म्हणून दोघांनी पहिल्याच वर्षी यायचं असतं. बाईंना आजवर काय काय औषध दिलंत?"

सुभद्रेनेच एकेक सांगितले. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला.

"लहानसं ऑपरेशन करू. गुण येतो पुष्कळांना, पण खात्री देत नाही."

ऑपरेशन झाले. वर्ष कोरडे गेले. त्या वर्षात हौसाबाई सुनेला एक शब्द वाकडा बोलली नाही, बोलायला तिला तोंडच उरले नव्हते. दुसऱ्या वर्षी मात्र सुभद्रेला दिवस गेले आणि भर उन्हाळ्यात मुलगी झाली. काय ती महाराजांची कृपा!

सव्वा महिन्याने तिघे बाळाला घेऊन मठात आले. हौसाबाईने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि ती हमसून रडू लागली. "बुवा, मी तोंडाळ. तुमाला नाय नाय ते बोलले."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मला एक दिवस बोललात, हौसाबाई. ते मी तेव्हाच विसरलो."

म्हातारी समजली. गुडघे धरत उठली आणि सुनेसमोर येऊन वाकू लागली. सुभद्रेने एका हाताने बाळ सावरत दुसऱ्या हाताने तिला वरच्या वर धरले. "असं नगा करू, आत्याबाई. तुमाला कुठं ठावं हुतं?"

ते शब्द रंगरावाच्या काळजात रुतले. तो पुढे झाला आणि भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, बायकोच्या पायांशी वाकला.

सुभद्रेने त्याला अडवले नाही.